उभ्या गाडीचा भरवसा

गिरगावात गाडी घेण्याचा विचार मनात आला, तर टोकनचे पैसे भरेपर्यंत तो मनातच ठेवावा. आमच्या घरून तो गच्चीवर पापड वाळत घालताना बाहेर फुटला, आणि संध्याकाळी मी ऑफिसातून परत येईपर्यंत वाडीने माझ्यासाठी गाडी, तिचा रंग आणि हप्त्यांची मुदत ठरवून टाकली होती.

यात एक गंमत असते. वाडीत ज्यांच्याकडे गाडी आहे ते अशा वेळी गप्प असतात, कारण आणखी एक गाडी आली तर आपली उभी कुठे राहणार, या काळजीने त्यांची वाचा बसलेली असते. बोलतात ते ज्यांच्याकडे गाडी नाही ते. आमच्या तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त काका जन्मभर चर्नी रोडहून लोकलने गेले आणि आता गिरगावहून मेट्रोने जातात; स्टिअरिंगला त्यांनी आजवर हात लावलेला नाही. पण टायमिंग बेल्ट आणि टायमिंग चेन यांतला फरक, कुठल्या इंजिनाला काय असतं आणि ते कितव्या किलोमीटरला तुटतं, हे त्यांना तोंडपाठ आहे. मी जिन्यात दिसलो की ते विचारतात, "तीन सिलिंडर घेताय की चार?" मी घरगुती गॅसबद्दल बोलतोय असं दाखवून सटकतो.

आमची अपेक्षा बेताची होती. सहा-सात लाखांत बसणारी, चार मीटरच्या आतली, चार माणसं आणि आईचा गुडघा नीट मावेल अशी पेट्रोल गाडी. त्यात 22 सप्टेंबर 2025 पासून 1200 सीसीपर्यंतच्या अशा छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला, तेव्हा खुद्द सरकारने माणूस पाठवून आग्रह केल्यासारखं घरात वातावरण झालं. प्रश्न एकच उरला, आणि तोच सगळे विचारत होते: गाडी भरवशाची आहे का?

या विषयातले आमच्या घरातले सर्वोच्च न्यायालय म्हणजे हिंदू कॉलनीतले मामा. मामांच्या लेखी या देशात भरवशाची गाडी एकच झाली, ती म्हणजे फियाट. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात 1964 मध्ये फियाट अकराशेचं डिलाइट मॉडेल आलं, 1974 मध्ये तिचं नाव पद्मिनी झालं. पण दादरच्या माणसाने तिला अखेरपर्यंत फियाटच म्हटलं. मामांनी नंबर लावून, वर्षानुवर्षं वाट बघून ती मिळवली होती. तिच्या भरवशाबद्दल ते बोलू लागले की मध्ये कोणी खोकायचं नाही.

मी मात्र यावेळी लक्ष देऊन ऐकलं आणि माझ्या ध्यानात आलं की मामांच्या प्रत्येक आठवणीत फियाट बंद पडलेली आहे. खंडाळ्याच्या घाटात, मे महिन्याच्या उन्हात, पेट्रोल पंपातच वाफ धरून बसलं. मामांनी फडकं ओलं करून पंपावर ठेवलं, सगळ्यांनी डबे उघडून थालीपीठं खाल्ली, आणि अर्ध्या तासाने गाडी सुरू. टिळक ब्रिजवर स्टिअरिंगजवळचा गिअरचा दांडा अडकला. मामांनी बोनेट उघडून खाली कुठेतरी एक ठोसा दिला, गाडी सुरू. पावसात डिस्ट्रिब्युटर ओला झाला. पॉइंट पॉलिश पेपरने घासले, गाडी सुरू. मामी हे सगळं ऐकत भाजी निवडत होत्या. त्यांना फियाटची फक्त मागची बाजू आठवते, कारण मामा स्टिअरिंगवर आणि धक्क्याला मामी, अशी वाटणी होती.

तरीही मामांना खोटं ठरवता येत नाही. त्यांच्या काळात गाडी बंद पडणार हे गृहीतच होतं. ती कुठेही बंद पडली तरी कोणीही सुरू करू शकतो, यात तिचा भरवसा होता. तिचं काय बिघडलं हे डोळ्यांना दिसायचं, नाकाला कळायचं, आणि जो भाग गेला तो ऑपेरा हाउसला नवा किंवा चोरबाजारात जुना मिळायचा. क्वचित आपलाच परत मिळायचा. आजची गाडी सहसा बंद पडत नाही, पण पडली की समोर एक पिवळा दिवा लागतो. तो फक्त "इंजिन तपासा" एवढंच सांगतो. आपण बोनेट उघडून बघतो, तर आत काळं प्लॅस्टिकचं झाकण असतं. ते बघून झालं की बोनेट मिटायचं. ठोसा देण्याजोगी जागा आत कुठेच ठेवलेली नाही. गल्लीतला गॅरेजवाला येतो, तोही आत न बघता म्हणतो, "स्कॅनर लावावा लागेल."

29 ऑक्टोबर 2003 रोजी ताडदेव आरटीओत नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची मुदत भरल्यामुळे 30 ऑक्टोबर 2023 पासून रस्त्यावरून गेली. मामांनी त्या रात्री बातम्या संपायच्या आत टीव्ही बंद केला.

स्वस्त आणि छोटी गाडी हे स्वप्न तसं आपल्याकडे जुनं आहे. इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णींनी 1949 मध्ये छोट्या गाडीचा पहिला नमुना तयार केला आणि पुढे पंचवीसेक वर्षं ते त्यात सुधारणा करत राहिले. "मीरा" तिचं नाव. परवान्यांच्या राज्यात ती कारखान्यापर्यंत पोचलीच नाही, त्यामुळे एकाही ग्राहकाची तक्रार नसलेली ही देशातली एकमेव गाडी ठरावी. मग डिसेंबर 1983 मध्ये मारुती 800 आली, साधारण साडेसत्तेचाळीस हजारांत, आणि किल्ली फिरवली की गाडी सुरू होते हे बघून मामांच्या पिढीला चुकल्यासारखं झालं. 2009 च्या जुलैमध्ये पहिल्या नॅनोची किल्ली रतन टाटांनी मुंबईतच दिली. लाखाची गाडी म्हणून तिचा एवढा गाजावाजा झाला की ती घेतली तर लोक आपल्याला लाखाचा माणूस समजतील, अशी भीती लाखो माणसांना वाटली. सर्वांत स्वस्त म्हणून ती विकणं चुकलं, हे टाटांनीही पुढे बोलून दाखवलं. 2018 नंतर ती बनलीच नाही. आपल्याला गाडी स्वस्त हवी असते, पण शेजाऱ्याला ती स्वस्त वाटता कामा नये, ही अट कुठल्याच कारखान्याला आजवर नीट पाळता आलेली नाही.

लालबागचा मेव्हणा या बाबतीत वेगळ्या पंथाचा. तो शोरूममध्ये शिरला की कोणाशी बोलत नाही. थेट गाडीपाशी जातो आणि दारावर बोटाची पेरं आपटतो. टक्‌टक्. मग मान हलवून जाहीर करतो, "पत्रा पातळ आहे." आम्ही एका रविवारी तीन शोरूम फिरलो आणि त्याने तिन्हीकडचा सगळा माल पातळ ठरवला. भरवसा म्हणजे पत्रा, अशी त्याची पक्की समजूत आहे. त्याला मी सांगून पाहिलं की जानेवारी 2014 मध्ये ग्लोबल एनकॅपने आपल्याकडच्या पाच लोकप्रिय छोट्या गाड्या ताशी 64 किलोमीटर वेगाने आपटून पाहिल्या आणि पाचही गाड्यांना शून्य तारे मिळाले. त्यातल्या दोघींचा सांगाडा धडकेत टिकला होता, पण एअरबॅग नव्हत्या म्हणून गुण शून्यच. म्हणजे जीव वाचवतो तो आतला सांगाडा आणि एअरबॅग, बाहेरचा पत्रा नव्हे. आता ऑक्टोबर 2023 पासून आपली स्वतःची भारत एनकॅप चाचणीही सुरू आहे, तिचे तारे बघता येतात. मेव्हण्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण त्यांनी वाजवून पाहिली का?"

ॲव्हरेजचा प्रश्न मात्र त्याने एका वाक्यात निकालात काढला. ब्रोशरमधला आकडा पुण्याच्या एआरएआय संस्थेसारख्या ठिकाणी, बंद खोलीत, गाडी रोलरवर पळवून काढतात, हे कळल्यावर तो म्हणाला, "पुण्यातल्या आकड्यात थोडा पुणेरी आत्मविश्वास धरायचाच."

परदेशात गाडीचा भरवसा जोखणं किती सोपं आहे! जर्मनीत गाड्यांची सक्तीची तपासणी करणारी ट्यूव्ह ही संस्था दरवर्षी अहवालच काढते, कुठल्या मॉडेलच्या किती गाड्या तपासणीत नापास झाल्या याचा. ब्रिटनमध्ये तीन वर्षांनंतर गाडीची दरवर्षी एमओटी तपासणी होते आणि नुसत्या नंबरवरून कोणाच्याही गाडीचे निकाल कोणालाही बघता येतात. अमेरिकेत 1936 पासून चालणारं कन्झ्युमर रिपोर्ट्स हे मासिक मालकांनाच विचारतं की बाबा, तुझ्या गाडीचं काय काय गेलं. आपल्याकडे मालकाला विचारून उपयोग नाही. ज्याने हप्ते भरलेत तो गाडीला वाईट म्हणत नाही, आणि ज्याला ती विकायची आहे तो तर नाहीच नाही. "एकदम मस्त, काही प्रॉब्लेम नाही," हे एकच उत्तर मला माहीमपासून माझगावपर्यंत मिळालं. एक गृहस्थ हे वाक्य टोइंगच्या गाडीच्या पुढच्या सीटवर बसून म्हणाले.

खरी माहिती ज्याच्याकडे असते तो माणूस म्हणजे टॅक्सीवाला. त्याची गाडी रोज दोन पाळ्यांत पळते, भोईवाड्याच्या सिग्नलला अर्ध्या क्लचवर ताटकळते, भारतमाताजवळ बसच्या धुरात उकळते. आपल्या गाडीला जे दहा वर्षांत होणार ते त्याच्या गाडीला दोन वर्षांत होऊन गेलेलं असतं. म्हणून मी परळला केईएमबाहेर एका वयस्कर टॅक्सीवाल्या काकांना गाठलं. साताऱ्याकडचे, आधी पद्मिनी चालवलेले, आता सीएनजीवरची हॅचबॅक. चहा सांगितला. त्यांनी शिस्तीत सगळं सांगितलं: क्लच प्लेट साधारण कधी बसते, खड्ड्यांनी पुढचे बुश आणि लिंक रॉड कसे आधी जातात, एसीचा कॉम्प्रेसर कुठल्या आवाजावरून ओळखायचा, सीएनजीच्या सिलिंडरची दर तीन वर्षांनी हायड्रो टेस्ट चुकवायची नाही, आणि तो सिलिंडर डिकीत बसला की मे महिन्यात आंब्याच्या पेट्या मांडीवर घेऊन यायची तयारी ठेवायची. मी भराभर लिहून घेत होतो. शेवटी त्यांनी विचारलं, "साहेब, तुमची गाडी रोज किती चालणार?"

म्हटलं, रोज कुठली, शनिवार-रविवार. तेही सुट्टी असली, पाऊस नसला आणि परत आल्यावर जागा मिळेल अशी खात्री असली तर.

काकांनी कप खाली ठेवला. "मग मघापासून चालण्याचं कशाला विचारताय? उंदरांना घर बांधून देताय तुम्ही."

एवढ्या सल्लागारांत विषय नेमका कळलेला हा एकच माणूस. आमच्या भागात गाडी चालते कमी आणि उभी राहते जास्त. आठवड्याचे पाच दिवस, गणपतीत अख्खा पंधरवडा, उन्हाळ्यात आपण कोकण रेल्वेने गेलो तर महिनाभर. असं असताना आपण तिची पिकअप बघतो, टॉप स्पीड बघतो. ताशी दीडशेच्या वेगाने ती खेतवाडीत कुठे जाणार आहे? बघायला हवं ते हे, की ती उभी कशी राहते.

आणि गिरगावात उभं राहणं हे सोपं काम नाही. पहिली परीक्षा उंदरांची. पावसाळ्यात उबेसाठी उंदीर बोनेटखाली शिरतो आणि करमणूक म्हणून वायरी कुरतडतो. मग तो पिवळा दिवा लागतो, स्कॅनर लागतो, आणि अख्खा वायरिंगचा जुडगा बदलायचं बिल आलं की मालकाच्या तोंडचं पाणी पळतं. यावर प्रत्येक वाडीचं आपलं औषध आहे. कोणी तंबाखूची पानं ठेवतो, कोणी डांबरगोळ्या बांधतो, कोणी खालून जाळी ठोकून घेतो, आणि आमच्या वाडीतले एकजण तर रोज रात्री बोनेट सताड उघडं ठेवतात, म्हणजे उंदराला अंधार मिळू नये. लांबून बघणाऱ्याला वाटतं गाडी कायमची बिघडलेली आहे, त्यामुळे तिला नजरही लागत नाही. मेव्हण्याचा उपाय अर्थात लालबागच्या मसाला गल्लीतलं तिखट. त्या गल्लीतले उंदीर त्याच तिखटावर वाढलेत, हे त्याच्या लक्षात येत नाही.

दुसरी परीक्षा बॅटरीची. आजच्या गाडीत किल्ली काढल्यावरही घड्याळ, अलार्म, कसला तरी संगणक जागा असतो आणि थेंबथेंब वीज पीत राहतो. दोन-तीन आठवडे गाडी हलली नाही की ती उठायला नकार देते. शनिवारी सकाळी सगळे नटूनथटून खाली उतरलेले, आणि गाडीतून नुसतं टिकटिक. साधी गिअरची गाडी असेल तर वाडीतली पोरं येतात, दुसऱ्या गिअरला टाकून धक्का देतात, काम होतं. ऑटोमॅटिक असेल तर कितीही पोरं आली तरी उपयोग नाही. परळ-लालबागच्या ट्रॅफिकमध्ये डाव्या पायाला विश्रांती देणारी ऑटोमॅटिक मलाही हवी होती. धक्क्याचा मुद्दा निघाल्यावर ती यादीतून गेली.

धक्क्याचा दुसरा उपयोग जास्त महत्त्वाचा. आमच्याकडे गाडीच्या मागे गाडी, तिच्या मागे तिसरी अशी व्यवस्था आहे. आतल्याला बाहेर पडायचं असेल तर बाहेरचीला ढकलावं लागतं, म्हणून प्रत्येकाने गाडी न्यूट्रलला टाकायची आणि हँडब्रेक लावायचा नाही, हा वाडीचा अलिखित कायदा आहे. (हँडब्रेक न लावण्याचा एक फायदाही आहे: पावसाळ्यात तो ओढून गाडी फार दिवस उभी ठेवली, तर मागचे ब्रेक धरून बसतात.) म्हणजे गाडी घेताना तिचं वजन हा फार मोठा गुण. 800-850 किलोची हॅचबॅक दोन माणसं हलवतात. हप्ते थोडे वाढवून मिळणारी उंच, रुबाबदार गाडी हलवायला पोरांची अख्खी क्रिकेट टीम बोलवावी लागते, आणि त्यांचा चेंडू आधीच तिच्या काचेवर बसलेला असतो.

हा सगळा विचार करून मी प्रभादेवीच्या एका शोरूममध्ये परत गेलो. सेल्समन तरुण होता, टाय लावलेला, टचस्क्रीन किती इंची आहे ते सांगू लागला. म्हटलं, ते राहू द्या. ही गाडी तीन आठवडे एका जागी उभी राहिली तर सुरू होते का?

"सर, आपण गाडी चालवणार ना?"

"ते नंतर. न्यूट्रलला टाकली तर किती माणसांत ढकलली जाते?"

तो ब्रोशर उलटसुलट करून बघू लागला. शेवटी म्हणाला, "सर, टेस्ट ड्राइव्ह घ्या ना." मी टेस्ट धक्का मागितला. त्याने मॅनेजरला बोलावलं, मॅनेजरने मला पाणी दिलं. पण मॅनेजर मूळचा चिंचपोकळीचा निघाला. त्याने टाय खांद्यावर टाकला, सेल्समनला हाक मारली, आणि तिघांनी मिळून गाडी शोरूमच्या आवारात या टोकापासून त्या टोकापर्यंत नेली. हलकी होती. इतका समाधानकारक अनुभव मला आजवर कुठल्याही शोरूममध्ये आलेला नाही.

बाकीच्या परीक्षा थोडक्यात. कबुतरांची विष्ठा रंग खाते, म्हणून पांढरा किंवा राखाडी रंग. समुद्राच्या खाऱ्या हवेत पत्रा खालून गंजतो, म्हणून मेव्हण्याने दारं वाजवण्यापेक्षा जमिनीवर आडवं होऊन पोट बघावं. जुनी गाडी घेत असाल तर सीटबेल्ट पूर्ण ओढून बघायचा आणि स्टेपनीखालचा खळगा बघायचा. तिथे चिखलाची रेघ असेल तर गाडी पुरात पोहून आली आहे. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा कुलाब्याला जेमतेम 73 झाला होता, हे गिरगावकर अजून मोठेपणाने सांगतात. पण त्यांची गाडी पाणी तुंबणाऱ्या हिंदमाताहूनच पुढे जाणार असते. तिथे पाण्यासाठी जमिनीखाली टाक्या बांधल्या, फरकही पडला. तरी पाण्यात इंजिन बंद पडलं तर पुन्हा किल्ली मारायची नाही, उतरून ढकलायचं. सिलिंडरमध्ये पाणी गेलेलं असलं आणि किल्ली मारली, तर आतला रॉड वाकतो. इथेही हलकी गाडीच बरी.

राहता राहिला कोकणचा प्रश्न. "निदान गणपतीला गावी जाताना तरी गाडी पळेल ना," असं आई म्हणाली. मुंबई-गोवा महामार्गाचं रुंदीकरण 2011 पासून चालू आहे. गणपतीची आदली रात्र माणगावला ज्यांनी गाडीत काढली आहे, त्यांनी आईला समजावून सांगितलं की तिथेही ती उभीच असते. फक्त इंजिन चालू ठेवून.

तर आमचं ठरलं आहे. उभीच राहायची तर नवी कशाला? जुनी, गिअरची, पेट्रोलवरची, हलकी, उंच छताची हॅचबॅक, एमएच-01 पासिंगची. स्क्रीन नसली तरी चालेल. मामांनी मान्यता दिली आहे, पण बोनेट उघडल्यावर आत काहीतरी दिसलं पाहिजे अशी अट घातली आहे. तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी चेनची शिफारस केली आहे. गाड्या बऱ्याच बघून झाल्या, पसंतही पडल्या. सगळं अडलंय ते वाडीत जागा नाही म्हणून.

तेव्हा एक विनंती. गिरगाव, ठाकूरद्वार, फणसवाडी या भागात कोणाची गाडी कव्हर घालून वर्षानुवर्षं उभी असेल आणि मालकाला ती विकायची असेल, तर कृपया कळवा. गाडी कशीही चालेल. जागेसकट हवी.